दाराशी अडलेलं पाणी

आमची पोरगी 'आई' म्हणायच्या आधी 'पा' म्हणाली. पा म्हणजे पाणी. दोन्ही हात पुढे करून 'पा, पा' करायची आणि मी आल्यागेल्यासमोर तिच्याकडून ते कौतुकाने म्हणवून घ्यायचे. कौतुक फार दिवस टिकलं नाही, कारण पोरगी दुसरं काही मागेचना. दूध ढकलून द्यायची, वरणभाताचा घास तोंडातून बाहेर काढायची, पाण्याचं भांडं मात्र रिकामं झाल्याशिवाय सोडायची नाही. मधेच काढून घेतलं तर असा टाहो फोडायची की खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात येऊन विचारायच्या, "क्या हुआ जी, मार रहे हो क्या बच्ची को?"

जेवढं प्यायची तेवढं बाहेर. लंगोट, दुपटी, चादरी, गाद्या, सगळं ओलं. गच्चीवरच्या सगळ्या दोऱ्या आमच्याच. लघवीला ना रंग ना वास. फरशीवर सांडलेलं पाणी कुठलं आणि पोरीचं कुठलं हे कळायचं नाही. तिसरं वर्ष सरत आलं तरी तिला धाकट्या मुलांचे फ्रॉक बसायचे. अधूनमधून ताप यायचा, का आला ते कुणाला सांगता यायचं नाही, आणि जायचाही तसाच. पाणी दिलं नाही तर ती स्वतः शोधायची. कूलरच्या टाकीत हात घालून प्यायची. एकदा तर फरशी पुसायच्या बादलीत तोंड घातलेलं मी पाहिलं.

आम्ही तेव्हा नुकते नोएडात राहायला आलो होतो. नवऱ्याची केंद्र सरकारात नोकरी, त्यामुळे लग्नानंतरची पहिली वर्षं दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली. मग त्याच्या खात्यातल्या लोकांनी मिळून सोसायटी काढली, प्लॉट मिळाला, इमारत उभी राहिली, आणि रस्ता धड झालेला नसताना आम्ही सामान हलवलं. चहूकडे बांधकाम, घरभर सिमेंटची धूळ. बाजारात मात्र रोज काहीतरी नवीन. नवीन टीव्ही, नवीन शीतपेय, नवीन इंग्रजी शाळा. त्यातल्याच एका शाळेत मला विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली. सगळ्या देशातून माणसं येत होती आणि आपापल्या घराचा इतिहास नव्याने सांगत होती. आम्हीही त्यातलेच.

घरात आम्ही चौघं. मी, नवरा, पोरगी आणि माझी सासू. सासू म्हणजे माझी सख्खी आत्या, माझ्या वडिलांची बहीण. हे वाक्य मी आता सहज लिहिलं, पण त्या काळात नोएडात ते उच्चारायची बंदी होती. का ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी झालं.

आमच्याकडे, सांगलीकडे, मामाची मुलगी करणं यात काही विशेष नाही. उलट मान. आत्याने मी परकरात होते तेव्हाच माझ्या वडिलांना सांगून ठेवलं होतं, "ही माझी." नवऱ्याला मी लहानपणापासून अरे-तुरे करत आले आणि लग्नानंतरही ते सुटलं नाही. पण दिल्लीकडे हे ऐकलं की लोकांच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो. मला कुठे माहीत? आर. के. पुरमला शेजारी एक उत्तर प्रदेशातलं कुटुंब होतं, त्या बाईंशी माझं छान जमलं होतं. एकदा गप्पांत त्यांनी विचारलं, तुमचं लग्न कसं जमलं? मी भोळेपणाने म्हणाले, "ये मेरी बुआ के बेटे हैं ना."

बाईंच्या हातातली वाटाण्याची शेंग हातातच राहिली. "भाई हुआ वो तो आपका!" म्हणाल्या. "भाई से शादी?"

मी हसून समजवायला गेले, हमारे यहाँ चलता है वगैरे. त्यांनी ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांची मुलं आमच्याकडे यायची बंद. गणपतीचा प्रसाद पाठवला तो मोलकरणीच्या हाती परत आला. आठवडाभरात सगळ्या ब्लॉकला कळलं. नळावर गेले की बायका गप्प व्हायच्या. मला संताप यायचा, मी भांडायला निघायचे, पण आत्याला ते फार लागलं. सांगलीत चारचौघांत मान असलेली बाई ती. तिने कधी कुणाची अशी नजर पाहिली नव्हती. नोएडाला सामान उतरवतानाच तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "इथं कुणाला काय कळायचं कारण नाही. मला आई म्हण. आणि अहो-जाहो कर."

"तुला? अहो-जाहो? मला हसू येईल गं," मी म्हटलं.

"हसू आलं तर आत जाऊन हस," आत्या म्हणाली.

तर असं. मी तिला बाहेर 'आई' म्हणू लागले. घरात जीभ वळेल ते.

पोरीच्या पाण्याचं आत्याचं म्हणणं साधं होतं. सवय लागलीय. लाडाने बिघडलीय. तिच्या हाताने अर्धा डझन मुलं वाढली होती, त्यामुळे तिच्यापुढे बोलायची सोय नव्हती. पोरीला ताप आला, मलूल पडली की ती मीठ-साखरेचं पाणी करायची. टीव्हीवर सारखं सांगायचे, शरीरातलं पाणी कमी झालं की मीठ-साखर-पाणी द्या. आत्या अगदी मापून घालायची, चाखून बघायची, मांडीवर घेऊन चमच्याने पाजायची. आणि गंमत म्हणजे त्या पाण्याने पोरीची तहान आणखी वाढायची. "बघ, पुन्हा मागतीय," आत्या म्हणायची. "आता काय म्हणायचं हिला?"

शेवटी सेक्टरातल्या मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी साखर तपासली. साखर व्यवस्थित. लघवी तपासली, फारच पातळ, पण इतकं पाणी पिते म्हटल्यावर पातळ असणारच, असं ते म्हणाले. मग बरेच प्रश्न विचारले. त्यातला अर्धा वेळ मी पोरीला घेऊन बाथरूममध्ये होते, कारण तिला तिथेही दर थोड्या वेळाने न्यावं लागत होतं. बाहेर आले तर निदान झालेलं. आदत. मानसिक. नवीन घर, आई नोकरीला, म्हणून मूल पाण्याचा आधार घेतं. हळूहळू पाणी कमी करा, रडेल, रडू द्या.

'आई नोकरीला' हे ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. स्कूटरवर बसता बसता मी नवऱ्याला म्हटलं, "आणि बाप नोकरीला असला की मूल काय पितं? सरबत?"

त्याने स्कूटर सुरू केली. वाटेत सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "तेही विचारत होते. नात्यात लग्न झालंय का म्हणून."

"मग?"

"मग काय. नाही म्हटलं. तिथे नर्स उभी, बाहेर ओळीत चारजण आपल्याच सोसायटीतले. अजून काय म्हणणार?"

मला ते पटलं नाही, पण आपल्या नात्याचा आणि पोरीच्या पाण्याचा काय संबंध, हेही मला सुचलं नाही. विज्ञानाची बाई मी! वर्गात परासरण शिकवायचे. बेदाणे पाण्यात टाकायचे, ते टम्म फुगायचे, मुलं खूश. पेशीच्या पटलातून पाणी आत झिरपतं, साखर आणि मीठ अडतं, असं फळ्यावर लिहून द्यायचे. एकदा एका मुलीने विचारलं, "मॅम, पटल तर चरबीचं असतं ना, मग त्यातून पाणी जातं कसं?" पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, पाण्याचे कण फार लहान असतात, शिरतात. मुलीने मान हलवली आणि लिहून घेतलं.

मे महिना. उष्ण वाऱ्याची लू सुटलेली. आम्ही डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पाणी कमी करायला घेतलं. मी शाळेत, नवरा ऑफिसात, पोरगी दिवसभर आत्याजवळ. आत्याने स्वयंपाकघराला कडी घातली, बाथरूमला कडी घातली, कूलरची टाकी फळी ठेवून झाकली. तिच्या बाजूने ती पोरीचं भलंच करत होती, हे मी तेव्हाही जाणत होते. दुपारी मी घरी आले तर घर शांत. आत्या हलक्या आवाजात म्हणाली, "आज रडली नाही बघ फार. झोपलीय शहाण्यासारखी."

मी आत गेले. पोरगी झोपली नव्हती. डोळे अर्धे उघडे, खोल गेलेले, ओठ पांढरे फुटलेले. अंग तव्यासारखं तापलेलं. मी हाका मारल्या, गालावर थापट्या मारल्या, ती नुसती पापणी हलवायची. माझा आवाज असा फुटला की खालच्या बाई धावत वर आल्या आणि त्यांच्याच गाडीतून आम्ही जवळच्या नर्सिंग होममध्ये गेलो. तिथे सलाईन लावलं. सलाईन लागलं म्हणजे आता बरं वाटेल, असं आपल्याला वाटतं. संध्याकाळपर्यंत पोरगी आणखी खालावली, हातपाय झटकायला लागली. मग तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले आणि म्हणाले, दिल्ली ले जाइए, अभी.

दिल्लीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात आम्हाला ती डॉक्टर भेटली. मुलांच्या किडनीच्या विभागात होती, मूळची कर्नाटकातली, माझ्यापेक्षा थोडी मोठी. तिची हिंदी माझ्या आत्याच्या हिंदीपेक्षा जराच बरी. तिने पोरीच्या रक्तातलं मीठ बघितलं, बाटलीतलं सलाईन बघितलं आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे ती बाटली काढायला लावली. मिठाऐवजी साध्या साखरेच्या पाण्याची लावली, आणि फार सावकाश. रक्तातलं मीठ एकदम उतरवलं तर मेंदूला सूज येते म्हणाली. पोरगी शुद्धीवर आली तेव्हा पहिला शब्द तोच. पा. इतकी मोठी झाली होती, सगळं बोलायची, पण त्या वेळी तिच्या तोंडातून तोच निघाला. मी तिला पाणी पाजलं आणि रडरड रडले.

ती सावरल्यावर काही दिवसांनी एक तपासणी करायची ठरली. डॉक्टरने मला आधीच नीट सांगितलं. सकाळपासून तिला पाणी द्यायचं नाही. आमच्या डोळ्यांसमोर. सारखं वजन करायचं, लघवी तपासायची. निरोगी माणसाचं पाणी तोडलं की शरीर पाणी धरून ठेवतं, लघवी दाट होते. हिची होते का बघायचं. नाही झाली, तर नाकात एक औषध घालायचं, मेंदू जे संप्रेरक सोडतो त्याच्यासारखं. त्याने लघवी दाट झाली तर दोष मेंदूत. त्यानेही नाही झाली तर दोष किडनीत. "आप कर पाएँगी?" तिने विचारलं. "माँ को पास रहना पड़ेगा. बच्ची माँगेगी."

मी हो म्हटलं. काय करणार?

सकाळ बरी गेली. मग पोरीने मागितलं, "आई, पाणी दे." मी म्हटलं, देते हं, थोड्या वेळाने. तिने थोडा वेळ वाट बघितली, पुन्हा मागितलं. मी तिला खिडकीतली कबुतरं दाखवली, गाणी म्हटली. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरून अगदी समजावून सांगितल्यासारखं सांगितलं, "आई. पाणी." मी मान फिरवली. मग ती नर्सकडे वळली आणि म्हणाली, "आंटी, पानी दो ना." नर्सने नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात डॉक्टर आली, तर पोरगी उभी राहिली, हात मागे घेतले, आणि आमच्या शाळेच्या नर्सरीत शिकवतात ते मी तिला घरी शिकवलं होतं, तसं म्हणाली, "वॉटर प्लीज."

तिला वाटलं असावं, आपण चुकीच्या भाषेत मागतोय.

माझ्या उभ्या आयुष्यात मला इतकं सहन करावं लागलेलं नाही. नवरा उठून बाहेर गेला. मी तिथल्या तिथे तपासणी बंद करा म्हणून ओरडणार होते. पण डॉक्टरचंही तोंड उतरलं होतं, आणि तिने लघवीची बाटली उजेडात धरून मला दाखवली. इतक्या वेळाने, इतक्या तहानेनंतरही, नळाच्या पाण्यासारखी स्वच्छ. नाकात औषध घातलं, थांबलो, पुन्हा बघितलं. तशीच. "बस," डॉक्टर म्हणाली. "वज़न गिर रहा है. पानी दे दीजिए."

मी ग्लास धरला. ती किती प्यायली ते मी मोजलं नाही.

मग डॉक्टरने आम्हाला व्हरांड्यातल्या टेबलापाशी बोलावलं. आत्या सकाळपासून तिथे बाकावर बसलेली होती, आत फक्त आईबापांना सोडत. डॉक्टर म्हणाली, दोष किडनीत आहे. मेंदू निरोप पाठवतो, किडनी ऐकत नाही. हा आजार बहुतेक मुलग्यांना होतो, आईकडून येतो. मुलीला क्वचित. मुलीला झाला तर मला वेगळी शंका येते. दोष दोघांकडून आला असावा, एकच दोष, दोघांकडे असलेला. "आप दोनों का आपस में कोई रिश्ता है? शादी से पहले का?"

बाजूला दुसऱ्या पेशंटचे नातेवाईक उभे होते. खालच्या मजल्यावरच्या त्या बाईही आम्हाला डबा घेऊन आलेल्या, आत्याच्या शेजारी बसलेल्या.

"नहीं," नवरा म्हणाला.

मी तोंड उघडलं. काय बोलले असते देव जाणे, पण त्याचं काही शिल्लक ठेवलं नसतं. त्याआधी बाकावरून आत्याचा आवाज आला.

"झूठ बोलता है," आत्या म्हणाली. उठून उभी राहिली, पदर खांद्यावर घेतला. "ये मेरा बेटा. और ये मेरे सगे भाई की बेटी. शादी मैंने बनाई. मैं माँगके लाई इसको."

खालच्या बाईंकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. डॉक्टरने मात्र पेनाचं टोपण काढलं आणि दोन गोल काढले, त्यांना जोडणारी रेघ काढली. "हमारे यहाँ भी होता है, अम्मा," ती म्हणाली. "मेरी माँ ने अपने मामा से शादी की है. बैठिए, मैं समझाती हूँ."

तिने जे सांगितलं ते मी नंतर अनेक वर्षं माझ्या वर्गात सांगितलं, पुस्तकात असो वा नसो. पेशीला चरबीचं पातळ पटल असतं. त्यातून पाणी झिरपतं, पण अगदी सावकाश. ज्या पेशींना पाणी भराभर न्यायचं असतं, त्या पटलात प्रथिनाच्या वाटा बसवतात. वाट इतकी अरुंद की पाण्याचे कण एकामागे एक रांगेनेच जातात, आणि पाण्याखेरीज काहीही जाऊ शकत नाही. मीठ नाही, साखर नाही. या वाटा आत्ता आत्ता परदेशात कुणाच्या तरी हाती लागल्यात, असं ती म्हणाली; लोकांना शंका होती, पण दाखवता येत नव्हतं. किडनीच्या अगदी शेवटच्या नळ्यांमधल्या पेशी या वाटा आत छोट्या पिशव्यांत तयार ठेवतात. शरीराला पाणी कमी पडलं की मेंदूचं संप्रेरक येतं, पिशव्या वर सरकतात, वाटा पटलात जाऊन बसतात, आणि लघवीत चाललेलं पाणी परत रक्तात येतं. गरज संपली की वाटा पुन्हा आत.

"हिच्यात वाटाच नाहीत?" मी विचारलं.

"बनते हैं. पर टेढ़े बनते हैं. सेल पहचान लेती है कि ठीक नहीं बना, तो अंदर ही रोक लेती है. ऊपर जाने ही नहीं देती."

आमच्या इमारतीखाली वाकड्या निघालेल्या दाराच्या चौकटींचा ढीग पडला होता, मिस्त्रीने न बसवलेल्या, त्यामुळे मला ते चटकन समजलं. पाणी दाराशी येऊन उभं राहत होतं, आत घ्यायला कुणी नव्हतं, आणि ते वाहून जात होतं. पोरगी पाणी पिते म्हणून लघवी होत नव्हती. लघवी होते म्हणून ती जिवाच्या आकांताने पाणी पीत होती. त्यात मीठ पोटात गेलं की ते बाहेर टाकायला आणखी पाणी लागायचं. सलाईनने तेच केलं. आणि मीठ-साखर-पाण्याने तेच.

पुढचं थोडं सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायला नको. बाकीच्यांची लघवी वाढवणारी एक गोळी असते, ती या आजारात उलटी लागू पडते. ती सुरू झाली. घरातलं मीठ जवळजवळ बंद झालं, सगळ्यांचंच. आम्ही शाळेत भांडून तिच्यासाठी वर्गात बाटली आणि हवं तेव्हा बाहेर जायची परवानगी मिळवली. भांडायचं काम माझ्याकडे होतं, ते मी मनापासून केलं. पुष्कळ वर्षांनी रक्ताची तपासणी करता आली आणि डॉक्टरची शंका अक्षरशः खरी निघाली. पोरगी आज नोकरी करते, गुरगावात राहते, पाठीवरच्या पिशवीत लॅपटॉपपेक्षा पाणी जास्त असतं. खालच्या बाई त्यानंतर महिनाभर आमच्याकडे आल्या नाहीत. मग एकदा आल्या, चहा प्यायल्या, आणि त्या विषयावर एक अक्षर बोलल्या नाहीत. मीही नाही.

पण मला सांगायचंय ते त्या दुपारचंच. डॉक्टरने कागदावर आणखी दोन गोल काढले, वर, आत्याचा आणि माझ्या वडिलांचा. एकेक गोल अर्धा रंगवला. दोष यांच्याकडेही असणार, अर्धा. पण माणसाकडे प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती असतात, दुसरी चांगली असली की काही होत नाही, आयुष्यभर कळतही नाही. तुमच्या मुलाकडे एक आली, भावाच्या मुलीकडे एक. पोरीच्या वाट्याला दोन्ही वाकड्याच आल्या.

आत्याने तो कागद हातात घेतला. तिला वाचता येत होतं, पण त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं. "म्हणजे माझ्यातनं गेलं," ती मला म्हणाली. "आणि वरनं मीच कडी घातली."

"आत्या," मी म्हटलं. सगळ्यांसमोर, मोठ्याने, आत्याच म्हटलं. "अगं, तुला कुठं माहीत होतं? कुणालाच माहीत नव्हतं."

डॉक्टरही म्हणाली, किसी की ग़लती नहीं है अम्मा. आत्याने ऐकलं नाही. ती बाकावर बसली, तोंडाला पदर लावला आणि रडायला लागली. मी तिला माझ्या वडिलांच्या आजारपणातही रडताना पाहिलं नव्हतं. नवरा तिच्या पायाशी बसला.

नर्सने तेवढ्यात पोरीला बाहेर आणून सोडलं. तिच्या दोन्ही हातांत स्टीलचा ग्लास, पुन्हा भरून घेतलेला, छातीशी धरलेला. ती आजीसमोर येऊन थांबली आणि बघत राहिली. तिच्या लेखी माणूस एकाच कारणाने रडतं.

"आजी," ती म्हणाली, "तुला पण देत नाहीत?"

आत्याने डोळ्यांवरचा पदर काढला. पोरीने एकदा वॉर्डच्या दाराकडे पाहिलं, एकदा डॉक्टरकडे, आणि तोवर कधीच कुणाला न दिलेला आपला ग्लास आजीच्या तोंडाला लावला.

"घे, पटकन पी," ती हळूच म्हणाली. "त्या बघायच्या आत."